भित्र्या रॅट्ससाठी गळ्यात अडकवायची पिशवी: घ्यावी का?

घ्यावी. माझ्या दोन पोरींना, बुंदी आणि शेव या पाळलेल्या रॅट माद्यांना, हाताची सवय लागली त्यात या फ्लीसच्या, म्हणजे मऊ उबदार कापडाच्या, बॉन्डिंग पिशवीचा (प्राण्याला अंगाशी ठेवून माणसाची सवय लावायच्या पिशवीचा) वाटा मोठा आहे. ऑनलाइन ६५० रुपयांना मिळाली. रुंदीला वीतभर, उंचीला थोडी जास्त, वर चेन, पुढे जाळीची छोटी खिडकी, पट्टा कमी-जास्त करता येतो.

दोघी सख्ख्या बहिणी, पांढरं अंग आणि काळं डोकं. दुकानात पिल्लांना प्रेमाने हाताळायला कोणाला वेळ असतो? शेपटीला धरून उचलायचं आणि डब्यात टाकायचं, एवढंच. रॅटच्या शेपटीची कातडी अशाने सोलून निघू शकते, हे विकणाऱ्यांनी तरी माहीत करून घ्यायला हवं. त्यामुळे घरी आल्या तेव्हा पिंजऱ्यात हात गेला की दोघी कोपऱ्यात एकमेकींवर चढून थिजून बसायच्या. थिजलेला रॅट शांत वाटतो, पण तो शांत नसतो, भेदरलेला असतो. तेव्हा उचलून मांडीवर घेतलं तर भीती आणखी घट्ट बसते.

पिशवीचा खरा उपयोग इथे होतो. त्यांना पकडावंच लागत नाही. मी माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा आत घालून पिशवी आधी पिंजऱ्यातच टांगून ठेवली. रॅटची नजर अधू असते, त्याचा सगळा भरवसा नाकावर आणि मिशांवर. अंधारी, अरुंद, ओळखीच्या वासाची जागा मिळाल्यावर दोघी तिथेच झोपायला लागल्या. मग झोपलेल्या पोरींसकट पिशवी अलगद काढून गळ्यात घालायची. संध्याकाळी त्या जाग्या होतात आणि माझी पेपर तपासायची वेळही तीच. पोटाशी त्यांची ऊब, त्यांच्या कानावर माझा आवाज. चेन अर्धी उघडी ठेवायची. बाहेर डोकवायचं की आत दडायचं, हे त्यांनी ठरवायचं.

पिशवीत हात घालताना खालून, बाजूने घालावा. वरून आलेला हात म्हणजे त्यांच्या लेखी झडप घालणारी घार. खाऊ द्यायचा तो चमच्यावर, बिनसाखरेचं दही किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक. सूर्यफुलाचं बी दिलं तर हिसकावून आत पळतात. दही चाटायचं तर तुमच्याजवळ थांबावंच लागतं. शेव आधी चमच्याची कड दातांत धरून चमचाच आत ओढायची. मग एके दिवशी तिने पुढचा एक पंजा माझ्या बोटावर टेकवला आणि चाटत राहिली. त्यानंतर मानेवर बोटांनी हलक्या गुदगुल्या सुरू केल्या. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं होतं की गुदगुल्या केल्यावर रॅट्स ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपल्या कानाची मजल २० पर्यंतच, म्हणून ते ऐकू येत नाही. पण गुदगुल्या थांबवल्या की बुंदी माझ्या बोटामागे धावत येते, ते दिसतं.

आता शेव पिशवीत निवांत झाली की दात कुरकुर घासते आणि तिचे डोळे भराभर आत-बाहेर हलतात. पहिल्यांदा बघणारा धसकतो. जबड्याचा एक स्नायू डोळ्यामागून जातो, म्हणून असं होतं. अंग सैल असेल तर खुशाल समजावं की स्वारी खूश आहे.

तक्रारी दोन. आतली शिवण कच्ची आहे, दोरे लोंबतात. त्यात नखं, बोटं अडकू शकतात. मी कड दुमडून हाताने टीप मारून घेतली, पण हे काम बनवणाऱ्याचं होतं. दुसरी जास्त गंभीर. फ्लीस आपल्या हवेला जड पडतं. रॅटला आपल्यासारखा घाम येत नाही, तो शेपटीवाटे उष्णता बाहेर टाकतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत ही पिशवी वापरूच नये. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडून मी त्याच मापाची जुन्या सुती साडीची शिवून घेतली. उन्हाळ्यात तीच, आणि तीही पंख्याखाली, थोडाच वेळ.

धुताना वासाची पावडर नको. रॅट जागोजागी मुताचे थेंब सोडून जागा आपलीशी करतात, त्यामुळे धुवावी तर लागतेच. पण ओढणीचा तुकडा त्याच दिवशी धुऊ नका, ओळखीचा वास थोडा राहू द्या.

दोन माद्यांना हे माप पुरतं. नर असतील तर मोठी मागवा. पूर्ण वाढलेला नर अर्ध्या किलोपर्यंत सहज जातो, आणि रॅट एकटा ठेवायचा नसतो, म्हणजे दोघांना जागा हवी.