सर्ज प्रोटेक्शनच्या नावाखाली विकलेला हिरवा दिवा

जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच (लाईनवरून जनरेटरवर आणि उलट बदलणारा) घेताय आणि विक्रेता सांगतोय, 'यातच सर्ज प्रोटेक्शन आहे, वेगळं काही बसवायची गरज नाही', तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी असाच स्विच घेतला आणि त्याच्या भरवशावर घरातल्या महागड्या वस्तू त्याच्यामागे जोडल्या. आत सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, अडवणारं काहीही नव्हतं.

डब्यावर मात्र भरपूर छापलेलं होतं. '४० केए' (किलोअँपिअर, म्हणजे केवढा झटका सोसेल त्याचा आकडा), 'टाइप २' (सर्ज प्रोटेक्टरचा एक प्रकार), विजेचं चिन्ह. दारावर हिरवा दिवा आणि त्याखाली 'प्रोटेक्टेड'. स्विच लाईनवर असो की जनरेटरवर, दिवा हिरवाच. शिवाय विक्रेत्याने तोंडी हमी दिली होती की जनरेटरचं व्होल्टेज चढलं तरी हा स्विच सांभाळून घेईल. ही थाप तर अस्सल सर्ज प्रोटेक्टरच्या बाबतीतही थापच आहे. सर्ज म्हणजे काही मायक्रोसेकंदांचा झटका. तेवढा वेळ सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर, म्हणजे व्होल्टेज चढलं की वाहू लागणारा भाग, तो झटका स्वतःतून वाहू देतो. जनरेटरचा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बिघडून २३० च्या जागी ३०० व्होल्ट सतत येत राहिले, तर २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर तापून स्वतःच जातो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की वीज तोडणारा) लागतो, ती वस्तूच वेगळी.

मग एका वादळात जवळच वीज पडली आणि फ्रिजचा बोर्ड, वॉशिंग मशीनचं कार्ड आणि राउटर एकदमच गेले. स्विचवरचा दिवा हिरवाच होता. चांगला सर्ज प्रोटेक्टर असूनही सामान जाऊ शकतं, विशेषतः झटका केबलच्या किंवा टेलिफोनच्या वायरीतून आला तर. म्हणून लगेच विक्रेत्याला दोष दिला नाही. वायरमनला बोलावलं, लाईन आणि जनरेटर दोन्ही बंद केले आणि डबा उघडायला लावला.

आत काय होतं ते नीट सांगतो. फेज आणि न्यूट्रलवरून दोन बारीक वायरी एका बोटभर पट्टीवर गेल्या होत्या. पट्टीवर एक रेझिस्टर, एक डायोड आणि तो हिरवा एलईडी. बस. वीज आहे एवढंच तो दिवा सांगत होता. त्याच पट्टीवर शेजारी दोन भोकं आणि 'एमओव्ही' अशी छापील अक्षरं होती, म्हणजे व्हॅरिस्टर बसवायची जागा ठेवलेली, पण त्या भोकांना झाळकामाचा थेंबही लागलेला नव्हता. तो बसवायचा राहून गेला, असं मानायला मी तयार नाही. कारण अर्थचा पितळी स्क्रू बाहेरून चकचकीत, आम्ही त्याला जाड हिरवी वायर आवळून दिलेली, आणि आतल्या बाजूने त्याला काहीच जोडलेलं नाही. डबा प्लास्टिकचा. आमची अर्थिंगची वायर त्या स्क्रूपाशी येऊन संपत होती.

विक्रेत्याकडे गेलो तर आधी 'वीज पडल्यावर कोणीच काही करू शकत नाही', मग 'तुमचं अर्थिंगच खराब असणार'. स्क्रूचा फोटो दाखवल्यावर त्याने वॉरंटी कार्ड पुढे केलं. त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'सर्जमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही.' सर्ज प्रोटेक्शन म्हणून विकायचं आणि सर्जलाच वॉरंटीतून वगळायचं! माझा खरा संताप या ओळीवर आहे. खूप भांडल्यावर स्विचचे पैसे परत मिळाले. जळलेल्या वस्तूंचे नाही.

तुम्ही घेताना मानांकनाचा क्रमांक विचारा, आणि दोन विचारा. स्विचसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक) ६०९४७-६-१ आणि सर्ज प्रोटेक्टरसाठी आयईसी ६१६४३-११. बहुतेक वेळा पहिलाच दाखवतात, आणि त्याचा सर्जशी संबंध नाही. अस्सल मॉड्यूलवर यूसी (सतत सोसता येणारं कमाल व्होल्टेज), आयएन (नेहमीचा झटक्याचा प्रवाह), आयमॅक्स (झटक्याचा कमाल प्रवाह) आणि यूपी (झटक्यानंतर उपकरणांपर्यंत उरणारं व्होल्टेज) हे चार आकडे छापलेले असतात. नुसतं '४० केए' लिहिलं असेल तर तो स्टिकर समजा. आत व्हॅरिस्टर असला तरी त्याचा आकार बघा. १४ मिलिमीटरची साधी चकती एका झटक्यात साधारण साडेचार केए सोसते, तिच्यावर ४० लिहून ती ४० ची होत नाही.

एक चाचणी वायरमनकडून जरूर करून घ्या. लाईन आणि जनरेटर बंद, पुढची सगळी उपकरणं सोडवलेली, आणि फेज-न्यूट्रलमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर). खरा २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर तेवढ्या दाबाला वाहू लागतो, म्हणून रीडिंग खाली येतं. माझ्या डब्यात एलईडीची वायर काढल्यावर काटा थेट अनंतावर गेला. दिव्याची वायर आधी काढायला विसरू नका, नाहीतर रेझिस्टरमुळे रीडिंग कमी येऊन फसाल.

आता मी साधा चेंजओव्हर बसवलाय, ज्यात लाईन आणि जनरेटर कधीच एकत्र जुळत नाहीत. दोन्ही एकत्र जुळू न देणारं ते इंटरलॉक हलवून बघाच, तिथे कसूर असेल तर बंद समजलेल्या लाईनवर काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो. सर्ज प्रोटेक्टर बोर्डात वेगळा घेतला, खिडकीवाला (निकामी झाला की ती खिडकी दाखवते), काढता येणारं कार्ट्रिज असलेला, आणि फेजपासून अर्थपर्यंत त्याच्या जोडवायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवल्या. वायर लांबली की झटक्याच्या वेळी तिच्यावरच शेकडो व्होल्ट चढतात आणि ते उपकरणांच्या वाट्याला येतात.

तुमच्याकडे असा डबा आधीच असेल आणि तो परत करायला जात असाल, तर आतले फोटो, लेबल, वॉरंटी कार्ड आणि पावती, सगळं घरीच टिपून घ्या. माझा डबा त्यांनी 'तपासणीला' म्हणून ठेवून घेतला तो परत दिलाच नाही. फोटो नसते तर माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नसतं.