कुत्र्याच्या कच्च्या चिकनचं दुकान, जळगाव – ३ स्टार
आमच्या शेरूसाठी दोन महिने इथून कच्च्या चिकनची पाकिटं घेतली. खातो एकदम तुटून, ताटली चाटूनपुसून साफ, शी पण कमी अन् घट्ट झाली. पण मे महिन्यात जळगावचं ऊन तुम्हाला माहितीये, अन् दुकानाचा पोरगा बर्फ न टाकता साध्या पिशवीत पाकीट घेऊन आला, हात लावला तर मऊ, खाली लाल पाणी साचलेलं, परतच पाठवलं. दुकानदार म्हणे, "भाऊ, फ्रीजरमध्ये जंतू मरतात." सगळे नाही मरत हो, साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, थंडीत पडून राहतो, नीट शिजवल्यावरच मरतो! अन् कुत्रा ठणठणीत दिसला तरी तेच तोंड घरातल्या पोराला चाटतं. नुसतं बोनलेस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं ते वेगळंच. आता घेतो यांच्याकडूनच, पण स्वतः जाऊन, अन् उकडून घालतो, शिजलेली हाडं काढून, ती फुटून टोचतात. कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारलंय.