एरोफॉइल क्रॉसबार: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या टपावर सामान बांधायच्या चौकोनी लोखंडी बारच्या जागी पंखाच्या आकाराचे (एरोफॉइल) ॲल्युमिनियम बार घेतले, तर आवाज कमी होतो का? होतो, आणि चांगलाच होतो. पण त्याचं श्रेय जितकं आकाराचं, तितकंच बारच्या वरच्या खाचेतल्या रबरी पट्टीचं आहे.

चौकोनी बारच्या मागे हवेचे भोवरे आलटून-पालटून वर-खाली सुटतात. ३० मिमी नळी असेल, तर ताशी १०० किमीला साधारण १२० हर्ट्झची घुमणारी घरघर आत येते. निमुळत्या मागच्या कडेमुळे भोवऱ्यांची ती नियमित लय मोडते आणि घरघर जवळपास संपते. उरतो तो वाऱ्याचा सपाट 'सूं' आवाज. तो कुठल्याच बारने पूर्ण जात नाही. शिवाय तो वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलं की जवळजवळ ६ डेसिबलची भर. गोल कड पुढे, निमुळती मागे, हे मात्र बसवताना नीट पाहा.

खरा त्रास शिट्टीचा. सामान अडकवायची वरची खाच उघडी राहिली, की तिच्यावरून जाणारी हवा मागच्या काठावर आपटते, त्या दाबाने पुढच्या काठावरचा प्रवाह हलतो आणि सूर धरला जातो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. नव्या बारला हे होत नाही. ताणून बसवलेली पट्टी उन्हाने आखडते, टोकाला सेंटीमीटरभर फट पडते आणि मग शिट्टी सुरू होते. म्हणून पट्टी ओढू नका. साबणाचं पाणी लावून ढकलत बसवा आणि ५ मिमी जास्तच कापा. टोकाची प्लास्टिकची टोपणंही घट्ट हवीत, नाहीतर पोकळ बार स्वतःच वाजतो.

आवाज नेमका कुठला, ते शोधायला फोनवरचं स्पेक्ट्रम ॲप (आवाजात कुठल्या वारंवारतेचे सूर आहेत ते दाखवणारं) पुरतं. फोन सोबतच्या माणसाच्या हातात द्या. वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि सूर बदलला, तर तो इंजिनचा. वेगाच्या प्रमाणात सरकत चढणारा सूर बहुधा भोवऱ्यांचा. ठरावीक वेगालाच उठणारा आणि फारसा न हलणारा सूर पोकळीचा. खाचेवर मास्किंग टेप लावून पुन्हा त्याच वेगाने जा. शिट्टी थांबली, तर पट्टीच बदलायची.

टपावर कायम कॅरिअर किंवा सायकल असेल, तर जास्तीचे पैसे घालू नका. तिथे आवाज सामानाचाच असतो, बारचा आकार काही करत नाही. बार बहुतेक वेळ रिकामे धावणार असतील, तरच हे घ्यावेत.