परत करावी लागेल अशी खरेदी: डेबिट कार्डाने की क्रेडिट कार्डाने?

दुकानातून घेतलेली वस्तू परत केली आणि डेबिट कार्डाचा रिफंड यायला आठवडा उलटून गेला, असं ज्याच्या बाबतीत एकदा झालंय त्याला पुढच्या मोठ्या खरेदीला काउंटरवर प्रश्न पडतोच: या वेळी कुठलं कार्ड काढू? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्हींवर घेतलेल्या वस्तू मी परत केल्या आहेत. दिवस, तास मोजून तक्ता केलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे असंच धरा. तुमची बँक वेगळी असेल, तर दोन-चार दिवस इकडेतिकडे होतील.

आधी एक सांगतो. क्रेडिट कार्डावर रिफंड लवकर येतो असा अनेकांचा समज असतो. मला तरी तसं दिसलं नाही. दोन्हींचा रस्ता जवळजवळ एकच आहे आणि उशीर त्या रस्त्यातच आहे.

खरेदीच्या वेळी दुकानातलं यंत्र तुमच्या बँकेला विचारतं आणि बँक दोन-तीन सेकंदांत हो म्हणते. हे उत्तर लगेच लागतं, कारण त्याशिवाय दुकानदार वस्तू हातात देणार नाही. रिफंडच्या वेळी असं कोणी अडून बसलेलं नसतं. शिवाय रिफंड म्हणजे जुना व्यवहार पुसणं नव्हे, तो उलट्या दिशेचा नवा व्यवहार असतो. कार्डाची यंत्रं एकमेकांशी ज्या संदेशांत बोलतात ते आयएसओ ८५८३ या मानकावर बेतलेले आहेत. हे मानक पहिल्यांदा १९८७ साली आलं. त्यात व्यवहार उलटवण्यासाठी ०४०० मालिकेचे वेगळे संदेश आहेत, पण चार दिवसांनी वस्तू परत नेली तर ते कामाला येत नाहीत. रिफंडची नवी नोंद होते, ती दिवसअखेरीच्या बॅचमधून, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांच्या गठ्ठ्यातून, दुकानाच्या बँकेकडे जाते, तिथून कार्ड कंपनीच्या जाळ्यात, मग तुमच्या बँकेकडे, आणि शेवटी तुमची बँक ती खात्यावर चढवते. प्रत्येक ठिकाणची दिवस संपायची वेळ वेगळी, सुट्ट्या वेगळ्या. अलीकडे रिफंडचीही आधी मंजुरी घेतली जाते, त्यामुळे काही बँकांच्या ॲपमध्ये तो 'येणार' म्हणून लगेच दिसतो. दिसतो तेवढंच, वापरता येतोच असं नाही.

म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न रिफंड किती दिवसांनी येतो हा नाही. मधले दिवस कोणाच्या पैशांवर काढायचे, हा आहे.

हे मला फ्रिजने शिकवलं. कोनाड्याची रुंदी मोजली होती, खोली मोजली होती, उंचीही मोजली होती. दार पूर्ण उघडायला शेजारच्या भिंतीपासून किती अंतर लागेल, ते मोजायचं राहिलं. फ्रिज बसला, पण दार काटकोनापाशी भिंतीला टेकायचं आणि खालचे खण बाहेर ओढता येईनात. दुसऱ्या दिवशी दुकानाने कुरकुर न करता तो परत घेतला. काउंटरवरच्या मुलाने माझं डेबिट कार्ड यंत्रात घातलं, पावती फाडून दिली आणि म्हणाला, "सात ते दहा कामाचे दिवस लागतील, सर."

तिथेच, दहा पावलांवर, दोन बोटं अरुंद असलेला फ्रिज उभा होता. मला हवा तोच. बदली फक्त त्याच मॉडेलची करता येते, दुसरा हवा तर आधी रिफंड आणि मग नवी खरेदी, असा दुकानाचा नियम होता. नव्या खरेदीपुरते पैसे खात्यात नव्हते, कारण ते त्या पावतीवर होते. जुना फ्रिज आम्ही आधीच देऊन टाकलेला. आईचं इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि रोज दोन वेळा मी त्यांची बेल वाजवायला लागलो. माणसं चांगली होती, पण सकाळी साडेसहाला कोणाची बेल वाजवायला मला अजूनही संकोच वाटतो.

डेबिट कार्डाच्या बाबतीत मला खटकलं ते हे. आपण वस्तू परत करतो ती बहुतेक वेळा चुकीची निघाली म्हणून. गरज तशीच असते. म्हणजे परत केल्याबरोबर दुसरी घ्यायची असते आणि नेमके तेव्हाच पैसे हातात नसतात. एकाच वस्तूसाठी दोनदा पैसे उभे करावे लागतात. ज्यांच्या खात्यात एवढी शिल्लक नेहमी असते त्यांना हे जाणवणारही नाही. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला जाणवतं. त्यात मधल्या दिवसांत एखादा कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जाणार असेल आणि शिल्लक कमी पडली, तर त्याचा दंड वेगळा.

पाचव्या दिवशी मी बँकेत फोन केला. "आमच्याकडे काही आलेलं नाही." दुकानात फोन केला. "आमच्याकडून त्याच दिवशी गेलंय." दोघंही खरंच बोलत होते. पैसे वाटेत होते आणि वाटेत असलेल्या पैशांबद्दल उत्तर देणारं कोणी नव्हतं. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं, "दुकानाकडून एआरएन मागा, मग आम्ही शोधू." हा २३ अंकी क्रमांक असतो, दुकानाची बँक तो प्रत्येक व्यवहाराला देते. पावतीवर जो ६ अंकी मंजुरी क्रमांक आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो, त्याहून हा वेगळा. काउंटरवरच्या मुलाला तो माहीत नसतो, दुकानाच्या हिशेब विभागाला किंवा त्यांच्या बँकेला विचारावा लागतो, आणि रिफंड केल्याच्या क्षणी तो तयारही नसतो. मला तो मिळेपर्यंत आठवा दिवस उजाडला. पावती मी पाकिटाच्या प्लास्टिकच्या कप्प्यात जपून ठेवली होती. तसल्या पावत्यांच्या कागदावर शाई नसते, अक्षरं उष्णतेने उमटवलेली असतात आणि प्लास्टिकला चिकटून राहिली की ती उडतात. रक्कम पुसट झालेली, मंजुरी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गेलेले. तेव्हापासून रिफंडची पावती हातात आली की तिथेच उभा राहून आधी तिचा फोटो काढतो. पैसे दहाव्या दिवशी आले.

वर्षभराने गादी परत करायची वेळ आली. आईच्या पाठीला ती कडक पडत होती. ती क्रेडिट कार्डाने घेतली होती. रिफंडला नऊ दिवस लागले, म्हणजे फ्रिजपेक्षा फक्त एक दिवस कमी. पण दुसरी गादी त्याच संध्याकाळी घरी आली. त्या नऊ दिवसांत मी कोणालाही फोन केला नाही. अडकले होते ते बँकेचे पैसे, माझे नव्हे.

एवढं ऐकून लगेच क्रेडिट कार्डाकडे वळू नका, कारण त्याचीही खोच आहे आणि ती बिलाच्या तारखेत आहे. बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत रिफंड आला नाही, तर तो त्या बिलातून वजा होत नाही. तो पुढच्या बिलात दिसतो. परत केलेल्या गादीचे पैसे बिलात दिसतात, रिफंड येणार हे माहीत असतं, आणि 'तेवढे कमी भरले तर काय बिघडतं' असं मनात येतं. बिघडतं. बाकी राहिलेल्या रकमेवर व्याज लागतं आणि क्रेडिट कार्डाचं व्याज हे घरातल्या कर्जांपैकी सगळ्यात महागांत मोडतं. मी पूर्ण बिल भरलं. मग रिफंड आल्यावर कार्डावर माझीच रक्कम जमा दिसू लागली. ती पुढच्या खर्चात वळती झाली. मागणी केली तर बँक ती बचत खात्यातही पाठवते. पण बिल पूर्ण भरण्याइतके पैसे तुमच्याकडे नसतील, तर डेबिट कार्डाची अडचणच इथे नव्या तारखेला समोर येते.

आणखी दोन बारीक गोष्टी. कार्डाची मर्यादा लहान असेल तर रिफंड येईपर्यंत तीही अडकलेली राहते, मग दुसरी वस्तू घेता येत नाही. आणि खरेदी हप्त्यांत करून घेतली असेल तर वस्तू परत केल्यावर हप्ते आपोआप थांबतील असं धरू नका. बँकेला वेगळं कळवावं लागतं आणि प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही.

डेबिट कार्डाच्या बाजूने बोलायचं तर ते सरळ आहे, आणि सरळपणाला किंमत आहे. पैसे गेले ते दिसतात, आले ते दिसतात. बिलाची तारीख नाही, व्याज नाही. मधे कार्ड बदललं, तरी मागे खातं तेच असल्यामुळे रिफंड साधारणपणे बरोबर पोचतो. क्रेडिट कार्ड बंद करून टाकल्यावर त्यावर आलेला रिफंड सोडवायला मात्र बराच पत्रव्यवहार लागू शकतो. आणि ज्याला क्रेडिट कार्ड हातात असलं की खर्च आवरत नाही, त्याने माझं ऐकून ते काढू नये. दहा दिवसांच्या गैरसोयीपेक्षा वर्षभराची थकबाकी वाईट.

रिफंड आलाच नाही तर? इथे दोन्ही कार्डं जवळपास सारखी आहेत. दुकानाने कबूल केलेला रिफंड जमा न होणं हे कार्ड कंपन्यांच्या नियमांत दाद मागण्याचं मान्य कारण आहे, व्हिसाच्या यादीत त्याला १३.६ हा क्रमांक आहे. मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण तुमची बँक त्याआधी तक्रार मागू शकते, म्हणून ताणू नका. हा हक्क डेबिट कार्डालाही आहे, फक्त क्रेडिट कार्डाला आहे असं नव्हे. तरीही तक्रार चालू असते तेवढे दिवस डेबिटमध्ये खड्डा आपल्या खात्याला पडलेला असतो, हे मी विसरू शकत नाही.

कार्ड कुठलंही असो, एक गोष्ट उपयोगी पडते. वस्तू चुकीची आहे हे त्याच दिवशी कळलं तर दुकान बंद व्हायच्या आत जा आणि "रिफंड नको, मूळ व्यवहारच रद्द करा" असं सांगा. दुकानाने दिवसाचा बॅच पाठवला नसेल तर यंत्रावर व्यवहार व्हॉइड करता येतो. मग पैसे पुढे जातच नाहीत. डेबिटवर रोखलेली रक्कम मोकळी व्हायला तरी कधी एक-दोन दिवस लागतात, पण तो लांबचा वळसा टळतो. प्रत्येक काउंटरवर हे ठाऊक असतंच असं नाही, थोडा आग्रह धरावा लागतो. दुकान क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेची त्याच दुकानात वापरायची चिठ्ठी, द्यायला तयार असेल आणि दुसरी वस्तू तिथूनच घ्यायची असेल, तर तीही घ्यावी. माझ्या फ्रिजच्या वेळी तिने काम झालं असतं, पण ती मागायचं मला सुचलं नाही आणि समोरच्यानेही सुचवलं नाही.

सध्या माझी पद्धत अशी आहे. रोजची खरेदी, औषधं, जे परत करायचं नसतं ते सगळं डेबिटवर. ज्याला माप आहे, जे घरात बसतं की नाही, अंगाला होतं की नाही हे घरी आणल्यावरच कळणार आहे, ते क्रेडिटवर, आणि तेही बिलाएवढे पैसे खात्यात बाजूला काढून ठेवल्यावरच. बिल निघून दोन-तीन दिवस झाले असतील तर मला आणखी बरं वाटतं, कारण पुढच्या बिलाच्या आत रिफंड येऊन हिशेब तिथल्या तिथे मिटतो. मागच्या महिन्यात आईसाठी चाकांची खुर्ची घेतली, ती अशीच. न्हाणीघराच्या दारातून ती जात नव्हती. मंगळवारी परत केली, मंगळवारीच अरुंद खुर्ची घरी आणली, आणि रिफंड नेमका कुठल्या वारी जमा झाला ते बिल बघेपर्यंत मला माहीतही नव्हतं.