खाली माग, वर माणसं: घरात बसवलेल्या फायर अलार्मचा अनुभव

बेळगावच्या वडगावातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही, खाली पॉवरलूम आणि माडीवर आम्ही. रात्री खाली शॉर्टसर्किट झालं तर वर कळणार कधी, ही धास्ती लग्न होऊन आल्यापासून मनात होती. त्यात मामंजींना कमी ऐकू येतं. म्हणून विजेवर चालणारे, एकमेकांना जोडलेले अलार्म बसवून घेतले.

दुकानदाराने सगळीकडे स्मोक अलार्मच सांगितले होते. शहापूरच्या इलेक्ट्रिशियनने आधी घर फिरून बघितलं, आणि मला तो तिथेच पटला. मागाच्या खोलीत सुताचं तूस उडतं, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. तिथे स्मोक अलार्म उगाच वाजत राहतो आणि मग वैतागून माणूस तो काढूनच ठेवतो. या दोन्ही ठिकाणी त्याने साधारण 58 अंशांना वाजणारे हीट अलार्म लावले. हीट अलार्म स्मोक अलार्मपेक्षा उशिरा जागा होतो, म्हणून मागाच्या दाराबाहेर जिन्यात एक स्मोक अलार्म आणि दुसरा मामंजींच्या खोलीत, छताच्या मधोमध.

प्रत्येक अलार्मला तीन वायरी: विजेच्या फेज आणि न्यूट्रल, आणि तिसरी अलार्म एकमेकांना जोडणारी. सगळा जीव या तिसऱ्या वायरीत आहे. एक वाजला की चारही वाजतात. त्यासाठी चारही एकमेकांशी जुळणारेच घ्यावे लागतात. फेज जिन्यातल्या लाइटच्या सर्किटवरून, पण बटणाच्या आधी घेतलाय. लाइट बंद केला तरी अलार्म चालू, आणि एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडली तर जिन्यात अंधार होऊन लगेच समजतं. वेगळी एमसीबी पडून राहिली असती तर कोण बघायला जातंय? पावसात हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइट गेली की आतली बॅटरी सांभाळते.

काम झाल्यावर मी जिन्यातल्या अलार्मचं बटण दाबलं. कानाचं मशीन काढून पडलेले मामंजी "काय झालं गं?" म्हणत बाहेर आले. मला तेवढंच बघायचं होतं.

खटकली ती पांढरी केसिंग पट्टी, जुन्या सागवानी तुळईवरून सरळ ओढलेली. जरा विचारायचं होतं. खर्चही बॅटरीवाल्या सुट्या अलार्मपेक्षा बराच जास्त. तरी माग असलेल्या घराने हेच बसवावेत. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, आणि 10 वर्षांनी अख्खा अलार्म बदला. बदलायची तारीख मी मीटरबोर्डाच्या दारावर लिहून ठेवलीय.