बोर्ड फाइल की डिव्हाइस ट्री?

फोंड्याजवळ कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पंपासाठी आम्ही आर्म बोर्ड, म्हणजे आर्म प्रोसेसरचा छोटा संगणक, बसवत होतो, तेव्हा हा प्रश्न समोर आला: कुठला कंट्रोलर (जोडलेली उपकरणं हाताळणारा भाग) कुठे आहे, हे लिनक्स कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगायचं कसं?

जुनी रीत बोर्ड फाइलची. हार्डवेअरचा पत्ता, इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा सिग्नल), क्लॉक, सगळं सी भाषेत, थेट कर्नलमध्ये. वाचायला सोपं, पण एक पिन बदलली की कर्नल पुन्हा कंपाइल करा. आर्मच्या अशा फायलींचा पसारा एवढा वाढला, की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स उघडपणे वैतागले.

डिव्हाइस ट्रीत ही माहिती कोडबाहेर, वेगळ्या फाइलीत झाडासारखी मांडलेली राहते. कल्पना मूळची ओपन फर्मवेअर या बूट-फर्मवेअरच्या मानकातली. कंट्रोलर हा एक नोड (झाडातली नोंद), त्याला जोडलेला सेन्सर त्याच्या पोटातला नोड. नोडमधलं 'कम्पॅटिबल', म्हणजे उपकरणाची ओळख, वाचून कर्नल ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा कोड) जुळवतो, 'रेग'मधून पत्ता घेतो. पावसाळ्यात आम्ही आर्द्रतेचा सेन्सर बदलला. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होताच, त्यामुळे फक्त नोड बदलला.

चूक मात्र इथे गुपचूप होते. 'कम्पॅटिबल'मध्ये एक अक्षर चुकलं, तर ड्रायव्हर जुळतच नाही आणि बहुतेकदा एररही दिसत नाही. आमची अख्खी संध्याकाळ त्यात गेली. तरीही नव्या कामाला मी डिव्हाइस ट्रीच घेईन. फक्त बूट झाल्यावर आधी 'प्रोक'मधलं (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधलं) 'डिव्हाइस-ट्री' उघडून आपला नोड नीट उतरलाय का, ते बघायचं.