सत्त्याहत्तर ग्रॅमचा कागद सत्तावन्नच भरला

प्रदर्शनाचे प्रिंट काढायला एका संकेतस्थळावरच्या विक्रेत्याकडून कापसाचा कागद मागवला, आणि आला भलताच. आधी हिशेब मांडते, म्हणजे "नक्की गेलं किती?" असं पुन्हा कोणी विचारायला नको. ए२ मापाचे १०० कागद, २५-२५ च्या ४ खोक्यांत. डिजिटल निगेटिव्हसाठी ए३ मापाच्या पारदर्शक फिल्मच्या ५० शीट. पैसे १०० टक्के आगाऊ. त्या १०० कागदांतले १२ चाचण्यांत गेले, ६४ वर पक्के प्रिंट निघाले, २४ अजून कपाटात पडून आहेत. ६४ पैकी १९ प्रिंट विकले गेले. शाई अंदाजे २०० मिलिलिटर, आणि प्रिंटरचं हेड उगाच धुण्यात गेली ती वेगळी. शिवाय १९ प्रमाणपत्रं, माझ्या सहीची, ज्यांवर स्वच्छ अक्षरात छापलंय: "१०० टक्के कॉटन रॅग, ओबीएरहित", म्हणजे निव्वळ कापसाचा, शुभ्र दाखवणारी रसायनं नसलेला कागद. पैसे गेले ते मी कधीतरी विसरेन. ती सही मात्र रात्री झोपू देत नाही.

सापळा कसा लावतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. विक्रेत्याचं म्हणणं असं की माल एका जुन्या, नामांकित गिरणीचाच आहे, फक्त वेष्टनावर तिचं नाव नाही, म्हणून ३५ टक्के स्वस्त. ३१० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३१० ग्रॅम), मॅट (बिनचकाकीचा), निव्वळ कापूस, ओबीए शून्य. पानावर "म्युझियम ग्रेड", "आर्काइव्हल", "जिक्ले पेपर" असे सगळे शब्द होते. आता म्युझियम हा शब्द कोणीही छापू शकतो, त्याला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. आणि जिक्ले हे मुळात कागदाचं नावच नव्हे, १९९१ मध्ये जॅक डुगान नावाच्या प्रिंटरने इंकजेट प्रिंटसाठी फ्रेंचवरून बनवलेला तो शब्द. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. हानेम्युले गिरणी १५८४ ची, कान्सोनचा वारसा १५५७ पर्यंत मागे जातो, असली माहिती मी लोकांना झोपेतून उठवून सांगू शकते. इतकी सनावळी पाठ असलेल्या बाईने कागद काट्यावर ठेवून पाहिला नाही.

पण थांबा, मी काहीच तपासलं नव्हतं असं समजू नका. मी नऊ वर्षं स्वतःचे प्रिंट स्वतः काढतेय. त्याने ए४ चे ५ नमुने पाठवले होते. त्यांवर मी अंधारात ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारली, कागद ढिम्म राहिला, जरासुद्धा चमकला नाही; ओबीए असतं तर चमकला असता. मॅट ब्लॅक शाईचा गडद ठोकळा छापून मोजला, घनता (म्हणजे काळा किती गडद) १.६४ आली, मॅट कागदाला ती उत्तमच. फाडून पाहिला, कडेला लांब मऊ तंतू सुटले. पीएच पेन ओढलं, रेघ जांभळी झाली, म्हणजे कागदात आम्ल नाही. आणखी काय करायचं होतं मी? त्याच आनंदात मी त्याच्या पानावर पाच तारे देऊन लांबलचक अभिप्रायही लिहिला. "डोळे मिटून घ्या" असं लिहिलंय त्यात. माझेच शब्द.

नमुने खरे होते. बहुधा त्या चांगल्या गिरणीचेच कागद कापून पाकिटात घातले होते. मी परीक्षा घेतली ती नमुन्याची, आणि माल आला तो बिनपरीक्षेचा. यापुढे नमुना कितीही गोड असू दे, आलेल्या प्रत्येक खोक्यातला एक कागद मधूनच काढा, वरचा नको. वरचे दोन-तीन खरे घालणारेही असतात.

आता तो क्षण, ज्याची उजळणी मी महिनोन्‌महिने करतेय. कुरिअरवाला दारात उभा, चारही खोकी एकाच मोठ्या डब्यात. पावतीवर वजन लिहिलेलं: ६.४ किलो. मी ते वाचलं. नुसतं नजरेखालून गेलं असं नाही, वाचलं, आणि त्याच्या शेजारीच सही केली. ए२ कागद म्हणजे पाव चौरस मीटर. ३१० जीएसएमचा असेल तर एक कागद ७७ ग्रॅम भरायला हवा. १०० कागद म्हणजे ७.७ किलो, तेही खोकी, पुठ्ठे, चिकटपट्टी सगळं सोडून. आणि हातात आख्खा डबा ६.४ चा. पाचवीतल्या मुलाचं गणित. डबा उचलताना हलकासुद्धा लागला मला, आणि मनात आलं काय, तर चला, रोजच्या व्यायामाचा गुण येतोय म्हणायचा. नंतर एकेक कागद काट्यावर ठेवला तेव्हा कळलं, प्रत्येकी ५७ ग्रॅम. म्हणजे २२८ जीएसएम. किलोभराहून जास्त कापूस गायब, आणि मी व्यायामाला श्रेय देतेय.

तुमचं गणित सोपं करून ठेवते: जीएसएमला सोळाने भागलं की एका ए४ कागदाचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. ३१० चा असेल तर १९.४. ग्रॅम दाखवणारा साधा काटा त्याला पुरे.

प्रदर्शनाला १८ दिवस उरले होते, हेच माझं समर्थन. पहिलाच प्रिंट काढला तर काळा रंग विटका, सावल्यांत पुळ्यांसारखे ठिपके. शहाण्याने कागदावर संशय घेतला असता. मी घेतला तो स्वतःच्या यंत्रावर. नोझल तपासली, हेड तीनदा धुतलं, प्रोफाइल (कागदाप्रमाणे शाई बेतणारी फाइल) पुन्हा लावलं, मॅटऐवजी चुकून फोटो ब्लॅक शाई तर चालू नाही ना ते पाहिलं. काळा मोजला तर १.४१. नमुन्यावर १.६४ देणारी तीच शाई, तेच प्रोफाइल, तीच सेटिंग, आणि घनता इतकी खाली! कागदावरचा लेपच वेगळा होता, दुसरं कारण असूच शकत नव्हतं. पण मी काय केलं, तर नव्या कागदासाठी नवं प्रोफाइल बनवलं, ११ कागद त्यात घालवले, आणि काळा १.४८ वर आल्यावर स्वतःची पाठ थोपटली. चोराच्या मापाने मी माझं घर बदलून घेतलं म्हणा ना.

मग रंगाचं का कळलं नाही? यावर अनेकांनी मला सुनावलंय, म्हणून सांगते. माझ्या कामाच्या खोलीत सगळे एलईडी दिवे. साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात. ओबीए, म्हणजे कागद शुभ्र दाखवणारी ती रसायनं, धुण्याच्या पावडरीत असतात त्याच जातीची. ती अतिनील शोषतात आणि निळा उजेड बाहेर टाकतात. अतिनीलच नसेल तर ती गप्प बसतात. त्यामुळे माझ्या दिव्यांखाली कागद अगदी सभ्य, उबदार पांढरा दिसत होता. एकदा खिडकीशी नेला तेव्हा निळसर वाटला, तर मी म्हटलं आभाळाचा उजेड असेल. कागद निवडायचा तर खिडकीच्या उजेडात निवडा, आणि शेजारी एक ओळखीचा, खात्रीचा कागद ठेवून निवडा. एकटा कागद डोळ्याला कधीच खरं सांगत नाही.

शेवटी सांगितलं ते फ्रेमवाल्याने. प्रदर्शन होऊन गेलं होतं, १९ प्रिंट लोकांच्या घरी पोचले होते. विसाव्याला माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला गेले. त्याच्याकडचा कापसाचा माउंटबोर्ड प्रिंटभोवती धरला, तर बोर्ड मळकट दिसायला लागला. मी म्हटलं, "काका, बोर्ड जुना झालाय का? पिवळा पडलाय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रिंट दाराशी नेला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, बोर्ड पिवळा नाही. तुमचा कागद निळा आहे."

त्या रात्री टॉर्च मारली. पुढून, मागून, फाडलेल्या कडेला, सगळीकडून कागद नुकत्याच धुतलेल्या शर्टासारखा झगझगला. (टॉर्च ३६५ चीच घ्या, ३९५ वाल्या स्वस्त जांभळ्या टॉर्चने सगळंच जांभळं दिसतं. आणि फाडलेली कड नक्की पाहा, कधी लेप स्वच्छ असतो आणि ओबीए आतल्या लगद्यात दडलेलं असतं.) एका मित्राचं स्पेक्ट्रोफोटोमीटर मागून आणलं. अतिनील वगळून मोजणाऱ्या एम२ पद्धतीत कोऱ्या कागदाचा बी आकडा (जितका उणे, तितका कागद निळा) उणे ०.९, अतिनील धरून मोजणाऱ्या एम१ मध्ये उणे ७.८. ओबीए नसलेल्या कागदात या दोन आकड्यांत फरक असा पडतच नाही.

गैरसमज नको: ओबीए असलेला कागद म्हणजे पाप नव्हे. कित्येक चांगल्या बॅराइटा (बेरियमचा लेप असलेल्या) कागदांत ते थोडं असतं, उत्पादक तसं सांगतात, आणि घेणारा समजून घेतो. उजेडात ते हळूहळू निकामी होतं आणि कागद आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो, माउंटखाली झाकलेली कड मात्र तशीच निळी राहते. कृष्णधवल प्रिंटमधले हलके करडे तर कागदाच्या रंगावरच उभे असतात. माझे ६४ च्या ६४ प्रिंट कृष्णधवल. आणि पीएच पेनने भुलू नका, ते फक्त आम्लता सांगतं. लाकडाच्या शुद्ध केलेल्या लगद्याला चुना घातला की रेघ तिथेही जांभळीच येते. खोक्यावर आयएसओ ९७०६ छापलेलं होतं, तेही मी प्रमाणपत्रात दिमाखाने उतरवलं. ते मानक टिकाऊपणाचं आहे. कागद कापसाचाच हवा अशी अट त्यात नाही, आणि ओबीएला बंदीही नाही.

फिल्मचं दोन वाक्यांत सांगते. इंकजेटची फिल्म म्हणून लेसर प्रिंटरची बिनलेपाची पारदर्शक शीट पाठवली होती. शाईचे थेंब पानावरच्या पाण्यासारखे गोळा झाले, दोन दिवसांनीही बोटाला लागत होते, सायनोटाइपसाठी (निगेटिव्ह ठेवून उन्हात उमटवायचा निळा प्रिंट) अतिनील अडवणं तर दूरच. ओल्या बोटाने कोपरा दाबा: लेप असेल तर किंचित चिकटतं, नसेल तर बोट सरळ घसरतं. पाच सेकंदांचं काम.

आता दाद मागण्याची कथा. विक्रीच्या संकेतस्थळाचं उत्तर: परतीची मुदत १० दिवस, आणि उघडलेलं खोकं परत घेतलं जात नाही. मी विचारलं, न उघडता आतला कागद कापसाचा आहे की लाकडाचा ते कसं ओळखायचं? उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." १४ ईमेल, प्रत्येकाला नवा माणूस, प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी. शेवटच्याने पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचं कूपन देऊ केलं. त्याच दुकानात!

बँकेत गेले. "वस्तू मिळाली का?" मिळाली. "मग व्यवहार पूर्ण झाला." अहो, वेगळीच वस्तू मिळाली. "कागदच मागवला होता ना? कागदच आलाय." पोलिसांकडे तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत साहेब नव्हते. दुसऱ्या फेरीत साहेबांनी दोन्ही कागद हातात घेतले, उलटेपालटे केले, आणि म्हणाले, "दोन्ही पांढरेच आहेत." मी टॉर्च काढून दाखवली, तर म्हणाले, "हा चमकतोय तो जास्त चांगला वाटतो हो." तिसऱ्या फेरीत अर्ज घेतला, पोच दिली नाही.

ग्राहक तक्रार कक्षात सहा पानांचा अर्ज भरला. उत्पादनाच्या प्रकारात "इंकजेट कागद" नव्हतं, म्हणून कारकुनाने "लेखनसामग्री" निवडायला लावलं. मग लेखनसामग्री विभागाने कळवलं की ही बाब छपाईची आहे, त्यांच्याकडे येत नाही. तंतुपरीक्षणाचा अहवाल आणा म्हणाले. बरोबर आहे, ती परीक्षा असते. हर्झबर्ग रंजकात कापसाचे तंतू लालसर होतात, लाकडाच्या रासायनिक लगद्याचे निळसर, सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. प्रयोगशाळा शोधली, शुल्क भरलं, नमुने दिले. निळे आले. अहवाल घेऊन कक्षात गेले तर म्हणे नमुना उघडलेल्या खोक्यातला आहे, तो याच विक्रेत्याचा कशावरून? सीलबंद खोकं सादर करा. चौथं खोकं मी नेमकं आदल्याच आठवड्यात उघडलं होतं, प्रयोगशाळेला नमुना द्यायला. म्हणून म्हणते, एक खोकं सील न तोडता ठेवा, आणि पहिलं खोकं उघडताना, वजन करताना, टॉर्च मारताना सलग व्हिडिओ काढा. लोक हसले तरी काढा.

त्या १९ जणांना मी स्वतः कळवलं. पत्र लिहायला चार दिवस लागले, कारण प्रत्येक वाक्यात "मलाही फसवलं गेलं" हेच पुढे पुढे येत होतं आणि ते मला खोडायचं होतं. त्यांनी विक्रेत्याकडून घेतलं नव्हतं, माझ्याकडून घेतलं होतं. १६ प्रिंट परत आले, ते खात्रीच्या कागदावर पुन्हा काढून दिले. तिघांनी ठेवून घेतले. त्यातल्या एका आजोबांनी फोनवर विचारलं, "चित्र तेच आहे ना गं? मग राहू दे." त्यांना नवं प्रमाणपत्र पाठवलं, त्यात कागदाच्या रकान्यात "लाकडी लगदा, ओबीएयुक्त" असं लिहिताना हात थरथरला.

विक्रेता अजून आहे. दुकानाचं नाव बदललंय, पान तेच, फोटो तेच, ३५ टक्केही तेच. आणि जुने अभिप्राय नव्या नावाखाली जसेच्या तसे आलेत. माझा सगळ्यात वर आहे, पाच तारे, "डोळे मिटून घ्या". काढून टाका म्हणून संकेतस्थळाला तीनदा लिहिलं. ६० दिवसांनंतर अभिप्राय बदलता किंवा काढता येत नाही, असा त्यांचा नियम आहे. आज सकाळी पाहिलं तेव्हा ४१ जणांनी त्यावर "उपयुक्त" असं नोंदवलं होतं.